चरित्र आणि चारित्र्य : जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या निमित्ताने

(लोधीखेडा येथे चरित्रवाङ्मयावरील चर्चासत्रात दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



अकादमीने मला 'चरित्रवाङ्मय' हा विषय दिला तेव्हा मी संतचरित्रांवर किंवा समाजसुधारकांच्या चरित्रांवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. ती अपेक्षा आज पुरी होणार नाही, याबद्दल आधीच क्षमा मागतो. मी एका सेनाधिकाऱ्याविषयी बोलणार आहे, आणि बोलता बोलता रोमानियापर्यंत जाऊन येणार आहे. लोधीखेड्यातून रोमानियाला जायचे म्हणजे वाट थोडी लांबची आहे. पण ती वाट मी शोधली नाही. ती माझ्याच वर्गातल्या एका मुलाने दाखवली.

बी. ए.च्या वर्गाला चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवत होतो. चरित्रनायकाविषयी आदर असावा पण अंधभक्ती नसावी, वगैरे आपण सगळेच सांगतो ते सांगत होतो. मागच्या बाकावर राज्यसेवा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा बसत असे. दुसऱ्या महायुद्धावरचे त्याचे वाचन माझ्यापेक्षा ताजे होते. तो उठून म्हणाला, "सर, थो रोमानियाचा अँटोनेस्कू हिटलरकून होता. आझाद हिंदवाले जपानकून होते. मंग एकाले गोळी अन् दुसऱ्याले मंत्रिपद, असं काहून?"

वर्ग हसला, त्याच्या बोलीलाही आणि प्रश्नालाही. मी उत्तर दिले, "अरे बाबा, जिंकणारे इतिहास लिहितात." तास संपला. मुलगा काही बोलला नाही, पण खाली बसताना त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलो नाही.

उत्तर चुकीचे होते हे मला घरी पोचायच्या आतच कळले. युद्ध जिंकले ते इंग्रजांनी. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला भरला तोही इंग्रजांनी. जिंकणाऱ्यांनी त्यांना राजद्रोही ठरवले आणि तरीही देशाने त्यांना डोक्यावर घेतले. तिकडे अँटोनेस्कू हरला, त्याला गोळ्या घातल्या गेल्या, आणि १९८९नंतर त्याच्याच देशात त्याला वीर ठरवण्यासाठी माणसे रांगेत उभी राहिली. म्हणजे माझे ते सोपे वाक्य दोन्हीकडे लागू पडत नव्हते. तीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाने सुविचाराच्या फळ्यावर शोभेल असे वाक्य विद्यार्थ्याच्या अंगावर फेकावे, याची मला लाज वाटली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर समजा.

मंत्रिपद मिळालेला तो 'दुसरा' कोण? आझाद हिंद सेनेतून पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारात गेलेले एक नाव शाहनवाज खान यांचे. पण आपल्या मराठी माणसाला जवळचे असावे असे नाव जनरल जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचे. 'असावे' म्हणतो, कारण आमच्याकडे भोसले म्हटले की नागपूरकर भोसले आठवतात. ते स्वाभाविकच आहे, आपला हा मुलूखच त्यांच्या राज्यात होता. जगन्नाथराव मात्र सावंतवाडीकडचे, कोकणातले. 'महानायक'सारख्या कादंबरीने नेताजी मराठी घराघरांत पोचवले. नेताजींच्या शेजारी उभा असलेला हा मराठी अधिकारी तेवढा पोचला नाही.

जन्म १९०६चा. देहरादूनच्या प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेजात शिक्षण, तिथून इंग्लंडात सँडहर्स्ट. राजाचे कमिशन मिळवणारे हिंदी तरुण त्या काळी बोटांवर मोजण्याइतके असत. मग मराठा लाइट इन्फन्ट्रीची रॉयल पलटण. सिंगापूर पडले तेव्हा ते गढवाल रायफल्समध्ये लेफ्टनंट कर्नल होते, आणि इंग्रजी फौजेतल्या तिथल्या सर्वांत वरिष्ठ हिंदी अधिकाऱ्यांत त्यांची गणना होती. या एवढ्या आयुष्यात राजकारणाचा कुठे वासही नाही. इंग्रजांनी घडवलेला, इंग्रजांची शपथ घेतलेला, शिस्तीत वाढलेला सैनिक. चरित्रकाराने हे नीट लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढे जे घडले ते क्रांतिकारकाच्या आयुष्यात घडलेले नाही, एका नोकरदार शिपाईगड्याच्या आयुष्यात घडले आहे.

१५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडले. दोनच दिवसांनी, १७ तारखेला, फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५ हजार हिंदी युद्धकैदी गोळा करण्यात आले. एका इंग्रज कर्नलने त्यांना मेजर फुजिवारा या जपानी अधिकाऱ्याच्या हवाली केले. फुजिवाराचे जपानी भाषण आधी इंग्रजीत आणि मग हिंदुस्थानीत भाषांतर होऊन कैद्यांपर्यंत पोचले. भाषेच्या अभ्यासकाने हा प्रसंग जरूर डोळ्यांपुढे आणावा. पंचेचाळीस हजार माणसांचे भवितव्य दोन भाषांतरांतून गाळून त्यांच्या कानांवर येत होते! त्यानंतर कॅप्टन मोहनसिंग बोलले, आणि आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी सुरू झाली.

मोहनसिंग कॅप्टन, भोसले लेफ्टनंट कर्नल. फौजेची उतरंड ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल की हुद्द्याने दोन पायऱ्या खाली असलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली जाणे ही लहान गोष्ट नव्हती. भोसले गेले. हिंदुस्थान फील्ड फोर्स या तुकडीची कमान त्यांच्याकडे आली. पण जपान्यांनी दिलेले शब्द आणि त्यांची वागणूक यांतले अंतर वाढत गेले. मोहनसिंगांचे त्यांच्याशी बिनसले. १९४२च्या डिसेंबरात त्यांनाच अटक झाली, आणि सेना मोडल्यात जमा झाली.

माझ्या मते भोसल्यांच्या आयुष्यातला खरा निर्णयाचा क्षण हा आहे, फॅरर पार्कचा नव्हे. फॅरर पार्कवर ते हरलेल्या फौजेतले एक अधिकारी होते. डिसेंबरात मात्र त्यांनी जपानी मैत्री जवळून पाहिलेली होती, तिच्यावर विश्वास ठेवणारा माणूस त्याच मैत्रीच्या कैदेत गेलेला पाहिला होता. मागे फिरता आले असते. अनेक जण फिरले, आणि पुन्हा युद्धकैद्यांच्या छावणीत गेले. भोसले राहिले. १९४३च्या आरंभी रासबिहारी बोस यांनी सेनेची घडी पुन्हा बसवली तेव्हा लष्करी कार्यालयाचे संचालक म्हणून त्यांना नेमण्यात आले. शाहनवाज खान, सहगल, हबीबूर रहमान हे सारे त्या रचनेत होते. २ जुलै १९४३ला सुभाषबाबू सिंगापुरात उतरले तेव्हा त्यांच्या हाती एक उभी सेना आली. ती मोडकळीस आलेल्या दिवसांत ज्यांनी सांभाळली त्यांत भोसल्यांचा वाटा मोठा आहे. रणांगणावरची कीर्ती पुढे इतरांच्या वाट्याला आली. भोसल्यांचे काम मुख्यालयातले, कागदांचे, नेमणुकांचे, शिधासामग्रीचे. असल्या कामावर पोवाडे होत नाहीत.

२१ ऑक्टोबर १९४३ला कॅथे सभागृहात आझाद हिंदचे हंगामी सरकार जाहीर झाले. त्या मंत्रिमंडळात सेनेचे प्रतिनिधी म्हणून जे अधिकारी होते त्यांत भोसल्यांचे नाव होते. सेनाधिकारी युद्धकाळातला राजकीय पुढारी झाला तो असा. दोन दिवसांनी या सरकारने ब्रिटन आणि अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. ज्या राजाची शपथ घेतली त्याच्याचविरुद्ध.

आता त्या मुलाचा 'पहिला' माणूस.

इयॉन अँटोनेस्कू, जन्म १८८२. हाही घोटून घोटून घडवलेला सैनिक. पहिल्या महायुद्धात जनरल प्रेझानच्या हाताखाली राहून रोमानियाच्या संरक्षणाच्या योजना आखणारा. पुढे पॅरिस आणि लंडन इथे लष्करी वकील, मग सरसेनापतीच्या कचेरीचा प्रमुख, मग संरक्षणमंत्री. राजा कॅरोलशी त्याचे पटले नाही. १९४०च्या उन्हाळ्यात त्याला एका मठात नजरकैदेत ठेवले होते. त्याच उन्हाळ्यात रोमानियाचे लचके तुटले. बेसाराबिया रशियाने घेतला, उत्तर ट्रान्सिल्व्हानिया हंगेरीकडे गेला. देश खवळला. सप्टेंबरात राजाला त्याच नजरकैद्याला बोलावून सत्ता द्यावी लागली आणि स्वतः गादी सोडावी लागली. अठरा वर्षांचा मुलगा मिहाय नावाला राजा, आणि सारी सत्ता जनरलकडे. 'कंदुकातोर', म्हणजे देश चालवणारा, हा किताब त्याने घेतला.

इथवर वाचून चरित्रकाराला मोह होतो. माणूस पैशाच्या बाबतीत स्वच्छ. राजाच्या दरबारातली लाचलुचपत त्याला असह्य. शिस्तीचा कठोर, कामाला वाघ, देशावर प्रेम करणारा. आपल्याकडच्या कुठल्याही शालेय चरित्रमालेत बसेल असा मजकूर आहे हा. आणि इथेच आपल्या मराठी चरित्रलेखनाची एक जुनी खोड मला दिसते. आपल्या भाषेत 'चरित्र' आणि 'चारित्र्य' हे शब्द एकाच धातूतून आलेले असल्यामुळे की काय, आपण एकाच्या जागी दुसरे वापरून मोकळे होतो. माणूस चारित्र्यवान होता हे सिद्ध झाले की चरित्र लिहून झाले! त्याने पैसा खाल्ला नाही, पहाटे चारला उठत असे, आईवर प्रेम करीत असे. अँटोनेस्कूच्या बाबतीत यातले बरेच सिद्ध करता येईल. पण चरित्र म्हणजे आचरण, केलेले काम. त्याच्या सहीने, त्याच्या शब्दाने इतर माणसांचे काय झाले, हे त्यात यायला हवे.

मग काय झाले? जून १९४१मध्ये रोमानिया जर्मनीबरोबर रशियावर चालून गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस याश नावाच्या शहरात ज्यू रहिवाशांची कत्तल झाली. शहर ज्यूंपासून 'रिकामे' करण्याचा हुकूम अँटोनेस्कूने टेलिफोनवरून दिलेला होता. बंद डब्यांच्या गाड्यांत कोंबलेली माणसे पाण्यावाचून आणि हवेवाचून मेली. बळींची संख्या तेरा हजारांवर सांगितली जाते. ऑक्टोबरात ओडेसा शहरातल्या रोमानियन मुख्यालयात स्फोट झाला, तेव्हा मेलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यामागे दोनशे आणि प्रत्येक शिपायामागे शंभर माणसे मारण्याचा हुकूम निघाला. मारले गेलेले बहुतेक ज्यू होते, आणि आकडा हजारोंच्या घरात गेला. नीस्टर नदीच्या पलीकडचा ट्रान्सनिस्ट्रिया नावाचा प्रदेश रोमानियाच्या ताब्यात होता. तिथे लाखो माणसे हाकलून नेली गेली, आणि थंडी, उपासमार, टायफस व गोळ्या यांनी मेली. एली वीझेल यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००४मध्ये अहवाल दिला. त्यानुसार रोमानियाच्या ताब्यातील प्रदेशांत २ लाख ८० हजार ते ३ लाख ८० हजार ज्यू मारले गेले किंवा मेले.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. भाषा शिकवणारे आपण इथे बसलो आहोत, म्हणून त्यावर मी जरा थांबतो. १९४२च्या उन्हाळ्यात आणि सप्टेंबरात अँटोनेस्कूच्या हुकमाने सुमारे २५ हजार रोमा लोकांना ट्रान्सनिस्ट्रियात पाठवण्यात आले. आधी भटके, मग गावात राहणारे. भटक्यांना त्यांच्या स्वतःच्या गाड्यांनिशी चालवत नेले, आणि नंतर गाड्या-घोडी काढून घेतली. गाडी हेच ज्यांचे घर, त्यांना युक्रेनच्या हिवाळ्यात बग नदीच्या काठी सोडून देण्यात आले. ११ हजारांवर माणसे मेली.

हे रोमा कोण? त्यांची भाषा रोमानी. देशाच्या नावाशी तिचा काही संबंध नाही, नावातले साम्य योगायोगाचे आहे. ती आपल्याच कुळातली, भारतीय आर्यभाषांतली. हजारेक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले, वाटेत इराणी, अर्मेनियन, ग्रीक शब्द गोळा करत गेले, पण मूळ टाकले नाही. ते आकडे मोजतात ते असे : येक, दुय, त्रिन, श्तार, पांज. नाकाला 'नाख' म्हणतात, कानाला 'कान', माणसाला 'मनुष'. आणि पाण्याला 'पानी'. आपल्याकडे सुगीनंतर गावाबाहेर पालं टाकून राहणारी बिऱ्हाडे आपण पाहतो. बग नदीच्या काठी पाणी मागून मेलेल्या त्या पोरांनी ज्या शब्दाने पाणी मागितले असेल, तो लोधीखेड्याच्या बाजारात कुणालाही कळला असता. मी त्या मुलाच्या प्रश्नामागे लागून हे सगळे वाचत गेलो आणि या जागी आलो तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. तोवर अँटोनेस्कू माझ्यासाठी परीक्षेतला एक प्रश्न होता.

न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४२च्या शरदात जुन्या रोमानियातल्या ज्यूंना पोलंडमधल्या मृत्युछावणीत पाठवण्याची जर्मनांची योजना अँटोनेस्कूने रोखून धरली, आणि त्यांतले बहुसंख्य वाचले. त्याचे समर्थक यावर फार भर देतात. पण ज्याच्या एका नकाराने लाखो वाचू शकले, त्याच्या होकाराने जे मेले त्यांची जबाबदारी त्यामुळे वाढते, कमी होत नाही. बाकी कथा थोडक्यात : स्टालिनग्राडला त्याच्या दोन सेना मोडल्या, २३ ऑगस्ट १९४४ला बावीस वर्षांच्या राजा मिहायने त्याला राजवाड्यात बोलावून अटक केली, आणि कॅरोल राजा ज्या तिजोरीच्या खोलीत टपाल तिकिटांचा संग्रह ठेवीत असे तिच्यात कोंडले. मे १९४६मध्ये खटला, १ जून १९४६ला गोळ्या. त्या न्यायालयावर कम्युनिस्टांची छाप होती हे खरे. म्हणून याश आणि ओडेसा खोटे ठरत नाहीत. १९९१मध्ये रोमानियाच्या संसदेने त्याच्या स्मरणार्थ उभे राहून मौन पाळले. पुतळे उभे राहिले, मग २००२च्या अध्यादेशानंतर ते काढावे लागले. २००६मध्ये दूरचित्रवाणीवर थोर रोमानियनांसाठी मतदान झाले, त्यात तो सहावा आला.

म्हणून मी त्या मुलाला आज म्हणेन : बाबा रे, कोण कोणाच्या बाजूने होता यावरून हिशेब मांडलास तर दोघे एका रांगेत दिसतात. कोणी काय केले यावरून मांड.

पण असे म्हटले की भोसल्यांच्या बाजूचाही हिशेब तितक्याच कडकपणे मांडावा लागतो. आपला माणूस आला की कणीक सैल भिजवायची, हे चालायचे नाही. आपल्याकडे चरित्र एकतर आरती असते किंवा पंचनामा. आझाद हिंद सेनेबाबत आपण बहुतेक आरतीच म्हटली आहे.

तर मग पाहू. सेनेत यायला नकार देणाऱ्या कैद्यांवर दबाव आला, काही छावण्यांत मारहाण झाली. कॅप्टन बुऱ्हाणुद्दीन यांना क्रौर्याच्या आरोपावरून शिक्षा झाली, आणि ती लाल किल्ल्यातल्या पहिल्या तिघांच्या शिक्षेसारखी माफ झाली नाही. नकार देणाऱ्या हजारोंना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीला नेले आणि त्यांतले फार थोडे परतले. ही माणसेही आपलीच होती. त्यांनी शपथ मोडली नाही, एवढाच त्यांचा दोष. त्यांच्यावर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या नाहीत.

आणि अंदमान. ३० डिसेंबर १९४३ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. हंगामी सरकारने त्या बेटांवर आपला आयुक्त म्हणून कर्नल लोगनाथन यांना पाठवले. नाव आपल्या सरकारचे, पण पोलीस आणि तुरुंग जपान्यांच्याच हाती राहिले. डॉ. दिवाणसिंग हे पंजाबी कवी तिथे होते. जपान्यांच्या छळाने १४ जानेवारी १९४४ला सेल्युलर जेलमध्ये त्यांचा अंत झाला. म्हणजे झेंडा फडकल्यानंतर पंधरा दिवसांनी. ३० जानेवारीला होम्फ्रेगंज इथे ४४ जणांना हेर ठरवून गोळ्या घालण्यात आल्या. हे हुकूम आझाद हिंद सरकारने दिलेले नव्हते. पण ज्या भूमीला ते सरकार आपली म्हणत होते तिथे ते थांबवण्याचे बळ त्याच्यापाशी नव्हते. त्या सरकारात बसलेल्या माणसाचे चरित्र लिहिताना हे प्रकरण गाळता येणार नाही.

इतके सांगूनही फरक उरतो आणि तो मोठा आहे. अँटोनेस्कूचे राज्य माणसे वगळून उभे राहत होते. या देशात कोण नको, याची यादी हीच त्याच्या राष्ट्रवादाची पहिली पायरी. आझाद हिंद सेनेत हिंदू, मुसलमान, शीख, तमिळ मजूर, पंजाबी जमीनदाराचा मुलगा हे एका पंगतीला जेवत होते, आणि इंग्रजांच्या पलटणीत वेगवेगळ्या चुली मांडणाऱ्यांना ते आधी जड गेले होते. कवायतीचे हुकूम हिंदुस्थानीत दिले जात. झाशीच्या राणीच्या नावाने स्त्रियांची पलटण उभी राहिली, त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या मजूर पोरी होत्या. उद्या त्यांच्या हाती खरी सत्ता आली असती तर ते कसे वागले असते? याचे उत्तर देणारा कादंबरीकार असू शकतो, चरित्रकाराने त्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक पदर राहिला. भोसले ज्या मराठा पलटणींतून वर आले, त्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या सांगशाक इथे इंफाळकडे येणाऱ्या जपान्यांशी प्राणपणाने लढत होती. तिकडे इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी जर्मनांशी लढताना प्राण दिला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधवांना इटलीतच १९४५मध्ये तो मिळाला. हेही मराठी शेतकऱ्यांचे पोरगे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार पाहायला येणारे पाहुणे विचारतात, यातले तुमचे कोण? जामच्या या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि दोन्हीकडे आपल्याच सोयरिकी. काय सांगणार! मराठीत अजून असे चरित्र लिहिता आले पाहिजे की ज्यात भोसले आणि घाडगे दोघांना जागा असेल, आणि एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला भाडोत्री किंवा फितूर म्हणावे लागणार नाही.

युद्ध संपले. अधिकारी कैदेत गेले, लाल किल्ल्याचा खटला गाजला, देशातल्या क्षोभापुढे सरकारला नमावे लागले. पण स्वतंत्र भारताने आझाद हिंदच्या लोकांना पुन्हा फौजेत घेतले नाही. ज्याला आयुष्यभर एकच विद्या येत होती त्याला ती विद्या बंद झाली. भोसले १९५२च्या पहिल्या निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. माझ्या विद्यार्थ्याला खटकलेले मंत्रिपद ते हेच. खाते कोणते होते ते पाहा : फाळणीत उखडलेल्या माणसांचे.

दिल्लीत लाजपतनगरच्या कस्तुरबा निकेतनात निर्वासितांची मुले राहत. बापाविना, घराविना वाढणारी. १९५४मध्ये भोसल्यांनी तिथे कवायत, खेळ, समूहगान आणि देशाच्या इतिहासाच्या गोष्टी अशी एक योजना सुरू केली. तिचे नाव राष्ट्रीय अनुशासन योजना. त्या मुलांत जो फरक पडला तो पाहून ती इतर शाळांत गेली. राजस्थानात सरिस्क्याला शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. १९६३मध्ये भोसले वारले. कुंझरू समितीच्या शिफारशींनंतर ही योजना दुसऱ्या योजनांत मिसळून गेली. शाळेत कवायत असावी की नसावी, शिस्त आणि आज्ञाधारकपणा एकच का, यावर माझे स्वतःचे मत या योजनेला फारसे अनुकूल नाही. मुलांना रांगेत उभे करून देशप्रेम शिकवता येते यावर माझा विश्वास नाही. पण युद्धाने घडवलेल्या माणसाला शांततेच्या काळात जे येत होते ते त्याने निर्वासित पोरांच्या उपयोगी लावले, एवढे मला दिसते. हा सगळा भाग, म्हणजे युद्धानंतरची अठरा वर्षे, चरित्रात शेवटच्या दोन पानांत उरकला जाईल अशी मला भीती वाटते. माझ्या दृष्टीने अर्धे चरित्र तिथे आहे.

तर इथे बसलेल्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांना माझे एक सांगणे आहे. लघुप्रबंधासाठी विषय मिळत नाही म्हणून तुम्ही दरवर्षी माझ्याकडे येता. सावंतवाडी लांब आहे, सिंगापूर त्याहून लांब. पण त्या योजनेतून शिकून आलेले अनुशासन शिक्षक देशभरच्या शाळांत पसरले होते. आपल्या दोन तहसिलींतल्या जुन्या शाळांत असा एखादा शिक्षक येऊन गेला का, हे शोधायला तिकीट लागत नाही. शाळांची जुनी हजेरीपुस्तके, सेवापुस्तके अजून कपाटांत पडून आहेत, वाळवीने जेवढी ठेवली असतील तेवढी. त्या शिक्षकांकडे शिकलेली मुले आता सत्तरीच्या पुढची आहेत. ती नागपूर-छिंदवाडा गाडीच्या वेळेपर्यंत स्टेशनच्या बाकावर बसलेली रोज दिसतात. त्यांच्याशी मराठीतच बोला, आपल्या बोलीत बोला, आणि ते सांगतील तसेच लिहून घ्या.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आज इथे आलेला नाही. त्याची परीक्षा आहे. हे व्याख्यान छापून आले की एक प्रत मी त्याला नेऊन देणार आहे.